सापाचे नाव घ्यावे

मराठी माणूस दिवसा सापाबद्दल भरपूर बोलतो आणि रात्री त्याचे नाव घेत नाही. दिवेलागण झाली की सापाचे 'जनावर' होते, 'लांबडं' होते, 'दोरी' होते. साप चावला असे म्हणायचे नाही, 'पान लागलं' असे म्हणायचे. आमच्या घरात दखनी बोलली जात असे. रात्री कोणी 'सांप' हा शब्द उच्चारला की माझी दादी दटावायची, "रस्सी बोलो." शेजारच्या पाटलांच्या घरात दोरी आणि आमच्या घरात रस्सी. बोली वेगळी, भीती मात्र एकच.

माझे शिक्षण बी. ए.पर्यंतचे. प्राणिशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता आणि गावात आयुष्य गेल्यामुळे जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्यापुरता. पण कविता लिहिणाऱ्या माणसाचा शब्दांशी रोजचा व्यवहार असतो. सापाविषयी आपल्या भाषेत जे साठले आहे ते तपासून पाहिले, तर त्यातले काही अगदी खरे निघते आणि काही साफ खोटे. खोटे असून निरुपद्रवी असते तर तक्रार नव्हती. यातले काही खोटे माणसाच्या जिवावर बेतते, म्हणून हा विषय आज घेतला आहे.

आधी खऱ्यापासून सुरुवात करू. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण कोणी केली ठाऊक नाही, पण त्याने निरीक्षण पक्के केले होते. नागाला बीळ खणता येत नाही. त्याला पाय नाहीत, पंजे नाहीत. उंदीर-घुशींनी पोखरलेली बिळे, वाळवीने बांधलेली वारुळे, दगडांच्या ताली, पडक्या भिंतींच्या फटी हीच त्याची घरे. वारूळ हे मुळात नागाचे नव्हेच, ते वाळवीचे. मग साप आपल्या घराकडे का येतो, याचे उत्तरही याच म्हणीत आहे. घरात धान्य असते, धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. तो आपल्याला शोधत आलेला नसतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की तो कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतो. पेरणीपासून काढणीपर्यंत आपलाही वावर शेतात वाढलेला असतो. दोघांची गाठ पडण्याचे हे दिवस. देशातले सुमारे निम्मे सर्पदंशाचे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात, ते यामुळेच.

भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या ६० च्या आसपास विषारी. या विषारी जातींतही काही समुद्रात राहणाऱ्या, काही दाट जंगलात राहणाऱ्या. माणसाचे बहुतेक बळी घेतात ते चार साप : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. ही चार नावे आपल्या मुलांना बाराखडीसारखी पाठ हवीत. नुसती नावे नव्हेत, त्यांचे स्वभावही. कारण हे चौघे चार तऱ्हेने वागतात.

नागाची ओळख सांगायला नको. फणा आणि फण्यावरचा तो दहाचा आकडा. पण एक ध्यानात ठेवावे, नाग नेहमी फणा काढून हिंडत नाही. सरपटत जाणारा नाग साधा तपकिरी किंवा काळसर साप दिसतो. फणा म्हणजे त्याची सूचना. मानेजवळच्या बरगड्या फाकवून तो स्वतःला मोठा करून दाखवतो, फुत्कारतो आणि सांगतो, बाबा रे, जवळ येऊ नकोस. पुष्कळदा तो वाट मिळाली की निघून जातो. त्याचे विष मुख्यत्वे मज्जासंस्थेवर काम करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते, पुढे श्वास घेणारे स्नायू लुळे पडतात. दंशाच्या जागी सूज येते आणि दुखतेही.

घोणस जाडजूड, आळशी वाटणारी. त्रिकोणी डोके, अंगावर तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या. कोरड्या पाचोळ्यात किंवा उसाच्या पाचटात ती पडून राहिली की दिसत नाही. तिची सूचना कानाला ऐकू येते. प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटावी तसा दीर्घ, मोठा फुत्कार. तो ऐकू आला की जागच्या जागी थांबावे आणि हळूच मागे सरावे. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंशाची जागा भराभर सुजते, फार दुखते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो.

फुरसे हे घोणशीचे धाकटे नातलग. लांबी जेमतेम फूट-दीड फूट. त्याच्या आकाराकडे पाहून कोणी हसू नये. कोकणातले कातळ, सडे, दगडगोटे हे त्याचे माहेर. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकार इनाम देत असे, एवढा त्याचा उपद्रव होता. डिवचले की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते. खवल्यांना करवतीसारखे दाते असल्यामुळे खरखर असा आवाज येतो. हीच त्याची सूचना. त्याचे विषही रक्तावर काम करते, पण सावकाश. त्यामुळे माणूस गाफील राहतो आणि दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले की धावाधाव होते.

म्हणजे नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते, फुरसे खरखर करते. तिघेही आधी बजावतात. उरली मण्यार. निळसर काळे चकचकीत अंग आणि त्यावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. दिवसा ही अगदी लाजाळू. डोके वेटोळ्यात लपवून पडून राहील. हिचा दिवस रात्री उजाडतो. उंदीर, पाली आणि मुख्य म्हणजे दुसरे साप हे तिचे खाणे. ते शोधत ती रात्री घरात शिरते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या अंगाची ऊब, अंथरुणाची घडी, कुशीवर वळताना पडलेला हात, एवढे कारण दंशाला पुरते. हिचे दात बारीक. दंश दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. मात्र विष नागापेक्षाही जहाल.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात श्रावणातल्या एका पहाटे अकरा वर्षांचा एक मुलगा पोट दुखते म्हणून उठला. आईने ओवा-मीठ दिले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "डोळे उघडत नाहीत." सगळ्यांना वाटले झोपेत आहे. मग त्याचा आवाज घोगरा झाला, तोंडातली लाळ त्याला गिळता येईना. कोणी म्हणाले हवा लागली, कोणी म्हणाले नजर. आधी त्याला दर्ग्याजवळच्या बाबांकडे नेले, तिथून एका वस्तीवरच्या देवऋषीकडे. बाबांनी फुंकर घातली, देवऋषीने अंगारा लावला. तालुक्याचा दवाखाना नऊ किलोमीटरवर होता. उन्हे वर आली तेव्हा पोराचा श्वास थांबला. मयत घरात असताना बायकांनी अंथरूण उचलले, तर खालच्या तरटात मण्यार निघाली.

या घरात कोणी निष्काळजी नव्हते. आईने रात्रभर डोळ्याला डोळा न लावता पोराला जपले असते. त्यांना फक्त एक गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती : पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर चावल्याची खूण असो वा नसो, मण्यारीचा संशय घ्यावा आणि तडक दवाखाना गाठावा. एवढे एक वाक्य त्या घरात कोणाला ठाऊक असते, तर ते पोर आज तिशी ओलांडलेला बापा होऊन हिंडले असते.

आता कोणी विचारील, बाबांकडे नेलेली, देवऋषीने उतरवलेली कितीतरी माणसे बरी होताना आम्ही पाहिली आहेत, त्याचे काय? त्याचे उत्तर सापांच्या मोजणीत आहे. आपल्याभोवती जे साप वावरतात त्यांतले बहुसंख्य बिनविषारी. धामण, दिवड, तस्कर, कवड्या, नानेटी, वाळा, डुरक्या घोणस, कुकरी यांपैकी कोणीही चावले तर माणूस मरत नाही. शिवाय विषारी सापाचा प्रत्येक दंश विष सोडतोच असे नाही. विष हे त्याचे भक्ष्य मारण्याचे आणि पचवण्याचे साधन आहे, ते तयार व्हायला वेळ लागतो. नुसते घाबरवायचे असेल तर तो कधी कधी कोरडा दंश करून सोडून देतो. म्हणजे मांत्रिकाकडे गेलेल्या माणसांतली पुष्कळशी घरीच बसली असती तरी वाचली असती. वाचलेल्यांचे नाव मांत्रिकाच्या खात्यावर जमा होते आणि गेलेल्यांचे नशिबाच्या. दर्गा असो की देऊळ, हिशेब सगळीकडे असाच मांडला जातो. दुवा मागावी, नवस बोलावा, त्याला माझी ना नाही. पण ते गाडी दवाखान्याकडे निघाल्यावर, गाडीत बसून.

'साप साप म्हणून भुई धोपटणे' हा आपला दुसरा वाक्प्रचार. प्रत्यक्षात आपण भुई धोपटतच नाही, बिचारा साप धोपटतो, आणि बहुधा चुकीचा. कवड्या हा घरात, भिंतीवर चढून पाली खाणारा निरुपद्रवी साप. त्याच्याही अंगावर पांढरे-पिवळसर पट्टे. मण्यार समजून रोज कुठे ना कुठे तो मारला जातो. फरक लक्षात ठेवायला सोपा आहे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलटे, मानेकडे पुसट किंवा नसलेले आणि शेपटीकडे ठळक. अर्थात हा फरक लांबून पाहायचा, हातात घेऊन नव्हे. डुरक्या घोणस नावाचा आखूड, जाडा, ठिपक्यांचा साप खऱ्या घोणशीसारखा दिसतो, म्हणून मरतो. हरणटोळ हा हिरवागार, दोरीसारखा बारीक साप झाडावरून उडी मारून माणसाची टाळू फोडतो असे कोकणात आणि घाटावर सांगतात. तो आपला फांदीवर सरड्याची वाट पाहत लटकलेला असतो. त्याचे सौम्य विष सरड्या-बेडकांपुरते.

सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो धामणीवर. सात-आठ फूट लांब, चपळ, उंदरांची कर्दनकाळ. शेतकऱ्याने तिला शेताची राखणदार म्हणून मान द्यायला हवा. तिच्याविषयी आपण काय बोलतो? ती गाईच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते. ती नागाची बायको. यातले काही खरे नाही. नागांत नर आणि मादी दोन्ही असतात, धामणींतही. दोन जाती वेगळ्या, त्यांचा संसार वेगळा. उभे राहून एकमेकांना पीळ घालणारी सापांची जोडी दिसली की लोक नवे कापड टाकायला धावतात. धामणींच्या बाबतीत ते बहुधा दोन नर असतात आणि तो प्रणय नसून कुस्ती असते. जो दुसऱ्याचे डोके खाली दाबेल तो जिंकला. यात चावाचावी नाही, रक्त नाही. माणसांनी शिकावी अशी कुस्ती!

आता दुधाची गोष्ट. सापाच्या अंगावर केस नाहीत, त्याची मादी पिलांना पाजत नाही. दूध हे त्याचे अन्नच नव्हे. नागपंचमीच्या आधी गारुडी नागाला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतात. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल तो द्रव तोंडात घेतो. आपण समजतो नागोबा प्रसन्न झाले. गारुड्याकडच्या नागाचे दात पाडलेले असतात, कधी तोंड शिवलेले असते. पंचमी सरली की असा नाग फार दिवस जगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणे, बाळगणे आणि त्याचे खेळ करणे गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांच्या पूजेची जुनी रीत होती, तिच्यावरही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी बंधने आली. पंचमीचे गाणे आणि फेर राहावेत, नागाची पूजा मातीच्या नागाची व्हावी. खरे तर आपल्या घरोघर पाटावर काढलेला किंवा मातीचा नागच पूजला जात आलेला आहे.

पुंगीवर नाग डोलतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीतून येणारी कंपने त्याला जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतात. हवेतले काही आवाजही त्याला जाणवतात, पण पुंगीची चाल ओळखून तल्लीन होणारा रसिक तो नव्हे. गारुडी पुंगी हलवतो, गुडघा हलवतो, आणि नाग त्या हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून आपले डोके फिरवतो. आपल्याला दिसतो तो नाच, त्याला वाटतो तो धोका. दोन फाट्यांची जीभ तो सारखी आतबाहेर करतो, ती चावायला नव्हे, वास घ्यायला. जिभेने हवेतले कण गोळा करायचे आणि टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचवायचे. जीभ दुभागलेली असल्यामुळे वास डावीकडून जास्त येतो की उजवीकडून, हेही त्याला कळते. त्याच्या डोळ्यांना पापण्या नाहीत, पारदर्शक खवला आहे, म्हणून त्याची नजर रोखलेली वाटते. कात टाकायच्या आधी हा खवलाही दुधाळ होतो. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, आणि तो जास्त बिचकतो.

'डूख धरणे' हा तर आपला फार लाडका वाक्प्रचार. नागाला मारले तर नागीण डोळ्यांत मारणाऱ्याची छबी साठवते आणि सूड घेते. हिंदी सिनेमाने या कल्पनेवर पुष्कळ पैसा मिळवला. सापाच्या छोट्याशा मेंदूत चेहरे ओळखून वैर जपण्याची सोयच नाही. मेलेल्या सापाजवळ दुसरा साप आलाच, तर तो मागे राहिलेल्या गंधामुळे, किंवा त्या जागी त्याचेही खाणे आणि आसरा असल्यामुळे. डूख धरणारा प्राणी एकच, आणि तो दोन पायांवर चालतो.

अशीच दैना मांडुळाची. हा साधा, मऊ, मातीत राहणारा बिनविषारी साप. शेपूट बोथट असल्याने दोन्हीकडे तोंड असल्यासारखे दिसते. त्याला दुतोंड्या म्हणायचे आणि सहा महिने एका तोंडाने, सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो म्हणायचे, इथवर ठीक होते. पण गुप्तधन मिळते, पैशांचा पाऊस पडतो या नादाने मांडुळाची चोरटी विक्री होऊ लागली, आणि वर्तमानपत्रांत मांडुळासह पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्या येतच असतात. ज्याला स्वतःचे बीळ खणायचीही हौस भुसभुशीत मातीपुरतीच, तो दुसऱ्याला गाडलेले धन कुठून दाखवणार?

आता सर्वांत महत्त्वाचे. साप चावलाच तर काय करावे? आधी काय करू नये ते सांगतो, कारण आपण तेच आधी करतो. जखम ब्लेडने कापू नये. तोंडाने रक्त ओढू नये. दोरीने करकचून आवळू नये, त्याने हातपाय कायमचा गमावण्याची पाळी येते. बर्फ, चुना, कडुलिंब, कोंबडीची पिले, मिरच्या यांत वेळ घालवू नये. सापाच्या मागे काठी घेऊन धावू नये. एकाचे दोन रुग्ण होतील. डॉक्टरांना साप दाखवावा लागत नाही, ते लक्षणांवरून उपचार करतात.

करायचे ते एवढेच. माणसाला धीर द्यावा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढावेत, सूज चढल्यावर ते निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा पट्टी लावून सैलसर बांधावा आणि हलू देऊ नये. रुग्णाला चालवू, पळवू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नसेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. किती वाजता चावला ते ध्यानात ठेवावे. वाटेत ओकारी झाली तर रुग्णाला कुशीवर वळवावे.

दवाखान्यात एक साधी चाचणी करतात. थोडेसे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे असे समजतात. मग प्रतिविष सुरू होते. सर्पविषावर जगात उपाय एकच, प्रतिविष. १८९० च्या दशकात अल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिले प्रतिविष तयार केले. रीत आजही मुळात तीच आहे. विषाच्या अगदी लहान मात्रा घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाशी लढणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून औषध बनवतात. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रित चालते. त्यामुळे कोणता साप चावला ते ठाऊक नसले तरी अडत नाही. मुंबईत परळच्या हाफकिनचे नाव या कामाशी कित्येक दशके जोडलेले आहे. विषाचा मोठा पुरवठा येतो तो तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींकडून. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणाऱ्या या लोकांची १९७८ मध्ये सहकारी संस्था झाली. ते साप पकडतात, विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडून देतात. या जमातीतल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्या हातांनी वाचवलेली माणसे मोजता येणार नाहीत.

मण्यारीच्या दंशात एक अडचण असते. तिचे विष नसांच्या टोकांना इजा करते. ती इजा झाल्यावर प्रतिविष तिला मागे फिरवू शकत नाही. म्हणून तिथे वेळ सोन्यापेक्षा महाग. पण उशीर झाला तरी आशा सोडू नये. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवले तर नसा हळूहळू सावरतात आणि काही दिवसांनी माणूस चालत घरी जातो. पापणीही न हलवणारा रुग्ण मेलेला नसतो. त्याला पुष्कळदा आजूबाजूचे सगळे ऐकू येत असते.

या दुखण्याचा आकार किती मोठा आहे ते सांगतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज दिला. वर्षाला सरासरी ५८,०००. त्याआधी २०११ मध्ये आलेल्या पाहणीत दिसले होते की चारांतले तीन मृत्यू दवाखान्याबाहेर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातले. 'दुर्लक्षित' हा शब्द मला फार नेमका वाटतो. साप बंगल्यातल्या पलंगावर क्वचित चढतो. तो चावतो भाताच्या खाचरात वाकलेल्या बाईला, ऊसतोडीच्या कोपीत झोपलेल्या पोराला, वीटभट्टीवरच्या मजुराला. त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असा त्याचा निर्धार आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सांगण्यात आले की प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. जे मोजले जात नाही त्यासाठी औषध पाठवले जात नाही, हे साधे व्यवहारज्ञान आहे.

पुण्यात १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. आपण कोणी तसे करायचे नाही. त्यातून घ्यायचा अर्थ मात्र घ्यायचा : साप आपला वैरी नाही, तो भित्रा शेजारी आहे. शेजाऱ्याशी जपून राहायचे एवढेच.

ते जपणे महागाचे नाही. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी असावी. गवतातून चालताना पायात बूट, हातात काठी. काठी मारायला नव्हे, जमिनीवर आपटत चालायला. सरपण, गोवऱ्या, विटांचे ढीग झोपायच्या जागेला लागून नसावेत. त्यांत हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. खाटेवर झोपावे. खाट नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणावर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चोहोबाजूंनी गादीखाली खोचाव्यात. डासांसाठी घेतलेली ही जाळी मण्यारीलाही अडवते. साप घरात दिसला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवावी आणि वनखात्याला किंवा गावातल्या जाणत्या सर्पमित्राला बोलवावे.

आणि अखेरची विनंती. रात्री मुलांना झोपवताना सापाचे नाव घ्यावे. दोरी नाही, रस्सी नाही, जनावर नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे अशी चारही नावे स्पष्ट घ्यावीत, ती कशी दिसतात, कशी बजावतात ते सांगावे. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारून यावे, "प्रतिविष आहे का? रात्री डॉक्टर असतात का?" उत्तर नाही असे आले तर जिथे हो असेल त्या दवाखान्याचा रस्ता आणि फोन नंबर घरातल्या भिंतीवर, खडूने का होईना, लिहून ठेवावा.